खाऱ्या माशासाठी तीन फेऱ्या

आमच्या गुब्बिओत जन्माला आलेला माणूस वेडा असतो, हे आसपासच्या सगळ्या गावांना मान्य आहे आणि आमचीही त्याला काही हरकत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र वेडं व्हायचं तर कष्ट पडतात. बार्जेल्लोच्या चौकातल्या जुन्या कारंज्याभोवती त्याने तीन फेऱ्या धावत मारायच्या, मग गावात जन्मलेल्या कुणीतरी त्याच कारंज्याचं पाणी त्याच्या अंगावर उडवायचं, की कारंज्याची व्यवस्था बघणाऱ्या गावमंडळाचा शिक्का असलेला वेडाचा परवाना त्याच्या हाती पडतो. लोक तो चौकट करून दिवाणखान्यात लावतात. डॉक्टर येतात, वकील येतात. एकदा एक न्यायाधीश सहकुटुंब धावून गेले आणि जाताना म्हणाले, बरं वाटलं.

माझी बायको ओर्नेल्ला मूळची पेरुजाची. पेरुजा इथून तासाभराच्या आत येतं, पण आमच्या गावाच्या हिशेबाने तो परदेश. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण एवढ्या काळात तिने त्या कारंज्याभोवती अर्धी फेरीसुद्धा मारली नव्हती. "मला वेडं व्हायला तुझ्याशी लग्न केलं तेवढं पुरलं," असं ती म्हणायची आणि विषय तिथेच मिटायचा.

या वर्षी तो मिटला नाही. कारण खारा मासा.

मे महिन्यात संत उबाल्दोच्या उत्सवाला आमच्या आळीची माणसं भला थोरला लाकडी खांब खांद्यावर घेऊन डोंगर चढत पळतात. का पळतात, हे कुणी विचारत नाही. पळण्याआधी दुपारी जेवायला काय आहे, हे सगळे विचारतात. जेवायला खारवलेला मासा असतो. तो आधी पाणी बदलत बदलत भिजत घालायचा आणि मग आदल्या संध्याकाळी कांदा, तेल नि रोझमेरीची पानं घालून मंद आचेवर चढवायचा. आळीच्या स्वयंपाकघरात त्यासाठी तांब्याचं एक प्रचंड पातेलं आहे. पातेलं आळीचं, पण सत्ता माझ्या थोरल्या बहिणीची, एर्मेलिनाताईची. त्या पातेल्याशी ताईशिवाय कुणी उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. तिच्याआधी आमची आई उभी राहायची, आणि आईच्या हयातीत ताईलाही लांबूनच बघायची परवानगी होती.

ओर्नेल्ला त्या स्वयंपाकघरात अडतीस वर्षं बटाटे सोलत आली आहे. घरी ती जे रांधते ते खाऊन माझी ही अशी अवस्था झाली आहे, माझ्याकडे बघितलं की कुणालाही पटेल. पण तिकडे ती 'सेत्तिमिओची पेरुजावाली'. सेत्तिमिओ म्हणजे मी. पेरुजावालीला बटाटे.

ताईचे हात आता थरथरतात. यंदा उत्सवाच्या आदल्या दुपारी तिने जाहीर केलं, की आज संध्याकाळी मासा चढवताना आपण कुणाला तरी शेजारी उभं करू, आणि पुढच्या वर्षापासून तीच बाई पातेलं बघेल. बायका कामं थांबवून माना वर करून उभ्या राहिल्या. तेवढ्यात बटाट्यांच्या ढिगामागून आवाज आला, "मी उभी राहते."

सगळ्या ओर्नेल्लाकडे बघायला लागल्या. मग ताईकडे.

"तू?" ताई म्हणाली. "परका हात लागला की मासा फुटतो."

"अडतीस वर्षं झाली, एर्मेलिना. अजून परकाच का?"

"तुला काय गं, कारंज्याभोवती एक चक्कर मारायलासुद्धा लाज वाटते. आधी वेडी तर हो. मग बघू."

हे बोलणं सगळ्यांच्या देखत झालं. ओर्नेल्लाने सुरी खाली ठेवली, एप्रन काढला आणि खुंटीला टांगला. मी दारात कांद्याची पोती उतरवत होतो. माझ्याजवळून जाताना ती म्हणाली, "चल."

"कुठे?"

"वेडी व्हायला. पातेलं चढायच्या आत परत यायचंय."

मी मनात म्हटलं, हे तर सोपं आहे. कारंजं चार गल्ल्यांवर. मी जन्माने वेडा, म्हणजे पाणी उडवायला माणूस हाताशी. अर्ध्या तासाचं काम. हा हिशेब मी कुणाला बोलून दाखवला नाही, तेवढं बरं केलं.

चौकात पोचलो तर कारंजं दिसेना. दिसत होत्या त्या पिवळ्या टोप्या. बेर्गामोहून निवृत्त लोकांची एक सहल आली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळी टोपी होती. त्यांच्या मार्गदर्शक बाईच्या गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजवायची, मग एक जोडपं धावायचं, बाकीचे टाळ्या वाजवायचे, आणि मग त्या जोडप्याला आठवायचं, की फोटो काढायचा राहिला. मग परत शिट्टी.

"बाई," मी म्हटलं, "आमचं जरा निकडीचं आहे. आम्ही गावचे."

"गावचे असाल तर रोज येता येईल तुम्हाला," ती म्हणाली. "आमची बस निघायचीय." आणि शिट्टी वाजवली.

पिवळ्या टोप्यांवर पाणी उडवत होता क्विंतीलिओ. क्विंतीलिओ न्हावी होता, आता दुकान मुलाकडे. त्याला घरी करमत नाही म्हणून तो चौकात बसतो आणि आलेल्यांना वेडं करतो. माझा शाळेपासूनचा दोस्त.

"सेत्तिमिओ!" तो ओरडला. "ओर्नेल्लाबाईंना घेऊन आलास? देवा! आज डोंगर खाली येणार की काय?"

"तू तुझं काम कर," ओर्नेल्ला म्हणाली.

आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. टोप्या धावत होत्या. एक गृहस्थ अर्ध्या फेरीत दमून बसले, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग त्यांची पहिली अर्धी फेरी धरायची की नाही यावर चर्चा झाली. एका बाईंनी पर्स सोडून धावायला नकार दिला आणि पर्स घेऊन धावायलाही नकार दिला. ओर्नेल्ला एकदा घड्याळाकडे बघायची आणि एकदा माझ्याकडे. ती घड्याळाकडे बघायची तेव्हा मला जास्त बरं वाटायचं.

शेवटी शिट्टी लांब वाजली आणि टोप्या बसकडे गेल्या. चौक मोकळा झाला.

"ये, मी उडवतो पाणी," मी बाह्या सरसावल्या.

"तू?" क्विंतीलिओने मला हाताने मागे सारलं. "अरे, नवऱ्याने बायकोवर पाणी उडवलं तर त्याला परवाना म्हणत नाहीत, घरचं भांडण म्हणतात. एर्मेलिना हे मानेल का?"

एर्मेलिनाताईने नक्कीच मानलं नसतं. मी बाह्या पुन्हा खाली केल्या.

"मग तू उडव," ओर्नेल्ला म्हणाली.

"उडवतो ना. पण हात भरून आलाय. एक कॉफी घेतो." आणि तो समोरच्या कॅफेत शिरला.

कॉफी आमच्याकडे उभ्याने, एका घोटात पितात. क्विंतीलिओ एकटाच ती बसून पितो. ओर्नेल्ला त्याच्या मागोमाग आत गेली आणि त्याच्या टेबलाशी, अगदी जवळ, हाताची घडी घालून उभी राहिली. कॉफी संपली.

बाहेर आलो तर कारंज्याचं पाणी बारीक झालेलं. आमच्या डोळ्यांदेखत ते थेंब थेंब झालं आणि मग बंद झालं.

"हे काय आता?" मी म्हटलं.

कॅफेचा वाढपी कालोजेरो दारात येऊन उभा होता. तो सिसिलीचा आहे. "वरच्या बाजूला रस्ते धुतायत उत्सवासाठी," त्याने सांगितलं. "सगळं पाणी तिकडे वळवलंय. संध्याकाळपर्यंत येईल म्हणे."

"कुठल्या संध्याकाळपर्यंत?"

कालोजेरोने खांदे उडवले. मग त्याला आमची दया आली असावी. तो आत गेला आणि थंडगार मिनरल वॉटरची बाटली घेऊन आला. "हे चालेल? बुडबुडेवालं नाहीये."

क्विंतीलिओचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याच्या आईबद्दल काहीतरी बोललं. "बाटलीतलं पाणी! अरे, त्याने माणूस शहाणा होतो. तू ते आत ठेव, कुणाच्या तरी अंगावर सांडेल."

"मग तूच ये रे, वेडं कर मला," कालोजेरो म्हणाला. "मी तर अजून धावलोच नाही. इथे येऊन चार वर्षं झाली."

"तुला वेळ मिळतो कुठे? माझी कॉफी आणायला तासतास लावतोस."

"क्विंतीलिओ," ओर्नेल्ला म्हणाली. आवाज बारीक, पण मी अडतीस वर्षं तो आवाज ओळखतो. मी आपोआप दोन पावलं मागे सरलो. "खाली कुंडीत पाणी आहे ना?"

कुंडीत पाणी होतं. ते हिरवं होतं. त्यात सिगारेटची दोन थोटकं आणि एक पिवळी टोपी तरंगत होती.

"आहे," क्विंतीलिओ म्हणाला. "कारंज्याचंच आहे. नियमात बसतं."

"मग झालं तर. मी निघते."

"थांबा थांबा. कुठल्या बाजूने निघता?"

ओर्नेल्ला एक पाऊल उचलून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "आमचे आजोबा सांगायचे, उजव्या बाजूने."

"तुझे आजोबा उजवं-डावं सांगायला कधी शुद्धीवर असायचे? डावीकडून. माझा बाप याच चौकात दुकान टाकून बसलेला. त्याने हजार वेडे पाहिलेत."

"तुझा बाप दुकानाच्या खिडकीतून बघायचा, म्हणजे सगळं उलटं."

"काच होती, आरसा नव्हता!"

"मघापासून टोप्या कुठल्या बाजूने धावत होत्या?" ओर्नेल्लाने विचारलं.

आम्ही दोघांनी आठवायचा प्रयत्न केला. टोप्या दोन्ही बाजूंनी धावल्या होत्या. एक जोडपं तर समोरासमोर आपटलं होतं.

"उजवीकडून जाते आणि तुमचं भांडण संपेपर्यंत पोचते," ती म्हणाली आणि निघाली.

आता ओर्नेल्लाच्या उजव्या गुडघ्याबद्दल सांगितलं पाहिजे. तो गुडघा जिना चढताना बोलतो, थंडीत बोलतो आणि धावायचं नाव काढलं तर शिव्या देतो. ती चालू लागली. झपझप, पण चालूच लागली.

"बाई, धावायचंय," क्विंतीलिओ मागून म्हणाला.

"मी धावतेय."

"हे चालणं झालं."

"माझं हेच धावणं आहे. तू धावलायस कधी, क्विंतीलिओ? तुला धावताना मी पाहिलंय फक्त बिल यायच्या वेळी."

कालोजेरो मोठ्याने हसला आणि त्याने टाळी वाजवली. क्विंतीलिओचा नाइलाज झाला. "बरं, निदान धावल्यासारखं तोंड करा."

आणि माझ्या बायकोने, जी अडतीस वर्षं रस्त्यात मोठ्याने शिंकलेली नाही, तिने दोन्ही कोपर वाकवले, गाल फुगवले, डोळे विस्फारले आणि ती तशीच झपझप चालत राहिली. चौकात आलेल्या दोन बायका थांबल्या. वरच्या खिडकीतून कुणीतरी खाली वाकलं. ओर्नेल्लाचे कान लाल झाले होते, पण तोंड धावतच होतं. मला तिचं हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"दोन झाल्या," मी म्हटलं.

"एक," क्विंतीलिओ म्हणाला.

"अरे, दोन!"

"पहिली वेळ मी गुडघा बघत होतो. ती मोजली नाही."

"मोजली नाही म्हणजे ती झाली नाही?"

"साक्षीदार मी आहे की तू?"

"तीन झाल्या," कालोजेरो म्हणाला.

"तू सिसिलीचा, तू मोजू नकोस!"

तोपर्यंत ओर्नेल्ला आणखी एक फेरी मारून आली आणि न थांबता आणखी एकावर निघाली. जाता जाता म्हणाली, "तुम्ही मोजत बसा. मी दमले की थांबेन. त्यात कुठेतरी तीन येतीलच."

"जास्त झाल्या तर?" क्विंतीलिओला काळजी पडली.

"जास्तीच्या तुझ्या नावावर लाव. तुझं वेड हल्ली कमी पडतंय."

ती थांबली तेव्हा धापा टाकत होती आणि एका पायावर उभी होती. क्विंतीलिओने डोक्यावरची टोपी काढली, कुंडीत बुडवली, थोटकं बाजूला केली आणि पाणी तिच्या डोक्यावर, कपाळावर, कोरड्या जागा शोधून शोधून उडवलं. तेवढ्यापुरता तो गंभीर होता. मी त्याला इतका गंभीर फक्त लग्नांत पाहिला आहे.

"झालात," तो म्हणाला.

मंडळाच्या दुकानात परवाना मिळवायला पुन्हा रांग होती आणि रांगेत पुन्हा पिवळ्या टोप्या होत्या, कारण बस अजून आलीच नव्हती. तिथे काय काय झालं ते मी सांगत नाही. दुकानातल्या मुलीने ओर्नेल्लाचं नाव दोनदा चुकीचं लिहिलं. तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं, तेव्हा शिक्क्याची शाई संपली. शेवटी परवाना मिळाला, एवढं मात्र खरं. ओर्नेल्लाच्या केसांत अजून काहीतरी हिरवं होतं. मी काढू का विचारलं, तर म्हणाली, राहू दे, पुरावा आहे.

स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा घंटा सुरू झाल्या होत्या. बायका संताच्या मूर्तीच्या आशीर्वादाला देवळात गेल्या होत्या. ताई एकटीच होती. भिजलेला मासा पातेल्यात घालून झाला होता, पातेलं अजून खाली जमिनीवरच होतं आणि चूल पेटलेली होती.

ओर्नेल्लाने परवाना ताईसमोर धरला. ताईने चष्मा लावला. तिने तो वाचला, उलटा केला, मागे काही आहे का ते पाहिलं आणि परत दिला.

"हे कशाला?"

"तूच म्हणालीस, आधी वेडी हो."

"वेडी हो म्हणाले होते. परवाना काढ म्हणाले नव्हते." ताई चष्मा पुसायला लागली. "परवाना पाहुण्यांना देतात. माझ्याकडे आहे परवाना? याच्याकडे आहे?" तिने माझ्याकडे हनुवटी केली. "क्विंतीलिओकडे आहे? आपल्या माणसाला कुणी कागद देतं का? आता तर शिक्क्यानिशी झालं, की तू बाहेरची."

मी म्हटलं, "ताई, हा अन्याय आहे हं."

"तू मध्ये बोलू नकोस. तू दुपारभर कांदे उतरवायचे सोडून कुठे होतास?"

ओर्नेल्लाने परवान्याची घडी घातली, पिशवीत टाकली. कोपऱ्यातल्या लांब बाकावर, जिथे उत्सवात बाहेरगावची माणसं जेवायला बसतात, तिथे जाऊन ती बसली. दुखरा पाय तिने समोरच्या खुर्चीवर लांब केला.

"काय करतेयस?" ताईने विचारलं.

"पाहुणी आहे ना मी. बसलेय. थोडी वाइन असली तर बघा."

"आणि बटाटे?"

"पाहुण्यांकडून बटाटे सोलून घेतात का, एर्मेलिना? गावाची अब्रू जाईल."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी बटाट्यांकडे बघितलं. ढीग मोठा होता.

मग ताई पातेल्याकडे वळली. पातेल्याला दोन कान आहेत आणि भरलेलं पातेलं एकट्या माणसाला उचलत नाही. "ये, धर," ती मला म्हणाली. मी एक कान धरला, तिने दुसरा. मी उचललं. मी जरा जास्तच उत्साहाने उचललं. ताईच्या बाजूने पातेलं खाली गेलं, तिचे हात थरथरले आणि पाणी तिच्या चपलांवर सांडलं.

"सोड! सोड म्हणते ना! तुझ्या हाती दिलं तर मासा जमिनीवरून वेचून खावा लागेल आळीला."

पातेलं पुन्हा खाली आलं. चुलीत लाकूड फुटलं. बाहेर घंटा थांबल्या, आणि देवळात गाणं सुरू झालं. म्हणजे बायका एवढ्यात येत नाहीत. मासा आता चढला नसता तर उद्या दुपारी आळी काय खाणार होती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि तिघांपैकी कुणीच ते बोलायला तयार नव्हतं.

ताई जागेवर उभी होती. तिने हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतले होते, ते दिसू नयेत म्हणून.

"ओर्नेल्ला," ती शेवटी म्हणाली. "जरा धर."

"पाहुणीला सांगतेस?"

"पाहुणीला नाही सांगत."

"मग कुणाला सांगतेस?"

ताई चुलीकडे वळली. मग म्हणाली, "धर ना गं बाई. माझ्या हातात नाही राहिलं आता."

ओर्नेल्लाने पाय खुर्चीवरून खाली घेतला. गुडघा बोलला, तो आम्ही तिघांनीही ऐकला. ती आली, दुसरा कान धरला, आणि दोघींनी, 'हं' म्हणून, पातेलं चुलीवर चढवलं. एक थेंब सांडला नाही. मग तिने हात धुतले आणि लांब दांड्याचा लाकडी चमचा हातात घेतला. तो ताईचा चमचा होता. ताईने तो परत मागितला नाही, फक्त तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आच फार आहे."

"नाहीये."

"कांदा आत्ता नाही घालायचा."

"मला माहितेय."

"तुला कसं माहितेय?"

"अडतीस वर्षं तिथे बसून हेच बघतेय, एर्मेलिना. बटाटे सोलायला डोळे कुठे लागतात?"

ताईने पातेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "पेरुजात तेल असंच सोडतात का, सगळं एकदम?"

"हो."

"वाईट सोडतात."

"मग तू सोड."

"तूच सोड. पण हळू."

अशा त्या दोघी भांडत होत्या, न थांबता, पातेल्यावर वाकून, खांद्याला खांदा लावून. देवळातून बायका परतल्या आणि दारातच थबकल्या. सगळ्यांचे डोळे ओर्नेल्लाच्या हातातल्या चमच्यावर होते. कुणी काही विचारायच्या आत ताई त्यांच्यावर ओरडली.

"बघताय काय? ती कधीची कांद्याची वाट बघतेय. चिरून द्या चटचट!"